अडुसष्टावं मत

ज्या गोष्टीसाठी यामिनीला शाल आणि श्रीफळ मिळालं, ती गोष्ट तिनं केलेलीच नव्हती. आता हे भर सभेत सांगायचं तरी कसं? समोर दोन-अडीचशे मराठी माणसं, मागे स्वयंपाकघरातून येणारा मसालेभाताचा वास, आणि स्टेजवर महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष विष्णू काका. काकांच्या हातातला माइक काढून घेणं आजवर भल्याभल्यांना जमलेलं नाही.

"स्वतःचे वडील घरी शेवटचे श्वास मोजतायत," काका म्हणाले, "आणि ही मुलगी विधानसभेत आपल्या खुर्चीवर बसून राहिली. जागची हलली नाही. का? तर लोकांनी निवडून दिलंय म्हणून. आपल्या इथल्या आणि तिकडच्या पुढाऱ्यांनी हिच्याकडून शिकावं. लोकसेवा म्हणजे काय, ते हे."

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत संध्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. यामिनीनं नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि फोटोसाठी जेवढं हसतात तेवढं हसली. तिला काही वाटलं नाही. मे महिन्यापासून तिला फारसं काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

मे महिन्यात झालं होतं ते असं.

मिनेसोटाच्या विधानसभेत एकशे चौतीस माणसं बसतात आणि कायदा व्हायला अडुसष्ट मतं लागतात. हजर किती आहेत याला किंमत नाही. जो आला नाही तो विरोधातच धरायचा. यामिनीच्या पक्षाकडे मोजून अडुसष्ट माणसं होती, म्हणजे एकाला पडसं झालं की सगळ्या पक्षाला शिंका यायच्या. त्या दिवशी जुन्या वस्त्यांमधले शिशाचे पाइप उकरून काढायचं बिल होतं. पोरांच्या पोटात पाण्याबरोबर शिसं जाऊ नये, एवढीच त्याची मागणी, पण वर्षभर त्यावर रणं माजली होती.

तिचे बाबा, दिगंबरराव, ईडन प्रेरीच्या घरी खालच्या खोलीत झोपून होते. आई गेल्यावर अकोल्याचं घर बंद करून ते लेकीकडे आले आणि इथेच रमले. थंडीत मॉलमध्ये चालायला जायचं, आणि सेशन सुरू झालं की आयपॅडवर विधानसभेचं लाइव्ह प्रक्षेपण लावून बसायचं. लोक क्रिकेट बघतात तसे ते कामकाज बघत. सगळ्या सभासदांना त्यांनी नावं ठेवली होती. लेकीच्याच पक्षातला, उत्तरेकडून आलेला डेल हाल्वर्सन म्हणजे 'तांबडी मिशी'. पक्षाची प्रतोद मार्लिस, जी मतांच्या वेळी सगळ्यांना मेंढरांसारखी आत हाकायची, ती 'हेडमास्तरीणबाई'. यामिनी घरी आली की विचारत, "काय गं, आज तांबडी मिशी झोपली होती का? मला दिसलं."

त्या सकाळी हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन काळजी घेणारी नर्स म्हणाली होती, अजून तीन-चार दिवस आहेत. म्हणून यामिनी गेली. बाबा हलकेच म्हणाले, "जा. मी इथून बघतो." तिनं त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि गाडीची किल्ली घेतली. उशीर होत होता, त्यामुळे एवढंच झालं.

दुपारी बाबांचा श्वास बदलला. नर्स पुन्हा आली आणि तिनं यामिनीच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस नाहीत, तास आहेत. घरून कॅपिटॉलला, म्हणजे विधानसभेच्या इमारतीत, अर्ध्या तासात पोचता येतं. श्रीराम एकटा होता. त्यानं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बाबा गेले तेव्हा आयपॅडवर भाषणं चालू होती. श्रीराम त्यांच्या शेजारी बसून ते प्रक्षेपण बघत राहिला. बोर्डावर हिरवे दिवे लागले, अडुसष्टचा आकडा आला, सभापतींनी हातोडा आपटला, आणि मग त्यानं यामिनीला फोन केला.

हे काही पुढे उघडकीला वगैरे आलं नाही. श्रीरामनं त्याच संध्याकाळी आपण होऊन सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजात थोडं समाधान होतं, हे तिच्या लक्षात आलं.

"मुद्दामच नाही कळवलं," तो म्हणाला. "कळवलं असतं तर तू काय केलं असतंस? आली असतीस तर बिल गेलं असतं, आणि नसती आलीस तर जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. म्हटलं, हे तुझ्या डोक्यावर नको. माझ्या डोक्यावर असू दे."

त्याला यात वावगं काही दिसत नव्हतं, आणि त्याला तरी नावं कशी ठेवायची? आपल्याकडे ही रीतच आहे. परगावी असलेल्या माणसाला वाईट बातमी त्याचं काम झाल्यावर सांगायची. श्रीराम इथे पीएचडी करायला आला तेव्हा वर्ध्याला त्याची आई गेली, आणि त्याच्या काकांनी ते त्याला क्वालिफायिंगची परीक्षा झाल्यावर कळवलं. तोवर घरचे फोनवर त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते, 'आई जरा झोपलीय' म्हणत होते. त्यावर तो नेहमी म्हणायचा, "काकांनी बरोबर केलं. नापास झालो असतो." किती वेळा म्हणायचा, ते यामिनीनं कधी मनावर घेतलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी त्यानं लेकीला, अनिकालाही शाळेतून बोलावलं नाही, कारण तिचा एपीचा, कॉलेजात धरला जाणारा, पेपर होता.

सोळा वर्षांची अनिका मात्र इथे जन्मलेली, तिला आपल्या रीती काय माहीत. जेवणाच्या टेबलावर तिनं आईकडे बघून विचारलं, "इफ ही हॅड कॉल्ड, वुड यू हॅव कम होम?"

यामिनीला खरंच माहीत नव्हतं. ती माहिती तिला मिळायचा जो एक दिवस होता, तो तिच्या हाती आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सभापतींनी सभागृहात शोकप्रस्ताव मांडला. त्यांना खरं ते माहीत नव्हतं. वडील गेले त्या वेळी यामिनी सभागृहात होती, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि बाकीचं त्यांनी मनानं भरलं. "आपल्या सहकाऱ्यानं काल कर्तव्याची किंमत मोजली," असं काहीसं ते म्हणाले. सगळे उभे राहिले. यामिनीही उभी राहिली. 'तसं नाही' हे म्हणायला एक क्षण असतो, आणि तो गेला की नंतर म्हणणारा माणूस वेडा दिसतो. त्यानंतर फ्युनरल होममध्ये तिनं दाहिनीचं बटण दाबलं आणि बाबा गेले. त्या आठवड्यात तिनं दोन बटणं दाबली, एक डेस्कवरचं हिरवं आणि एक हे, आणि दोन्ही वेळा शेजारच्या कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

उन्हाळ्यात पक्षाच्या प्रचारवाल्या पोरांनी तिचं पत्रक छापलं. वर तिचा फोटो आणि खाली दोनच शब्द: ती थांबली. यामिनीनं ते छापण्याआधी बघितलं होतं. नको म्हणाली नाही. खोटं कुठे होतं त्यात? थांबली तर होतीच ती. आणि मतदारसंघ अटीतटीचा होता. लोक दारात तिचा हात धरून म्हणायचे, असे पुढारी हवेत. एक म्हातारा म्हणाला, "माझ्यासाठी माझा मुलगासुद्धा काही सोडणार नाही, तुम्ही आमच्यासाठी बापाला सोडलंत." तो हे स्तुती म्हणून म्हणाला. यामिनीनं त्याचे आभार मानले, अंगणात प्रचाराची पाटी लावू का विचारलं, आणि पुढच्या घराची बेल वाजवली.

नोव्हेंबरात ती थोड्या मतांनी निवडून आली. आणि एवढा धुरळा उडून सभागृहात पुन्हा पक्षाचे अडुसष्टच.

श्रीरामशी तिचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दोघंही एकमेकांशी पाहुण्यासारखे गोड वागत. तो तिच्यासाठी चहा करून ठेवायचा, ती थँक्यू म्हणायची. खालच्या खोलीत आता ट्रेडमिल आली होती आणि त्यावर कुणी चालत नव्हतं. बाबांची आठवण काढायला गेलं की तिला फक्त पायावरचं ते पांघरूण आठवायचं. रडू येत नव्हतं. डॉक्टरला विचारलं तर ती म्हणाली, ग्रीफ आहे, वेळ घेते. यामिनीला वाटायचं, हे ग्रीफ असतं तर काहीतरी दुखलं असतं.

असं करत पुन्हा मे महिना आला.

या वेळचं बिल तिचं स्वतःचं होतं. उत्तरेला जिथे मैलोन्‌मैल जंगल आणि तळी, तिथे अँब्युलन्स यायला पाऊण-पाऊण तास लागतो. गावोगावची जुनी पथकं पैशाअभावी बंद पडत होती. दोन वर्षं ती या बिलामागे होती. उपनगरातल्या बाईला अँब्युलन्सचं काय पडलंय, असं लोक विचारायचे, आणि तिच्या बाजूनं पहिला उभा राहिला तो डेल हाल्वर्सन. त्याच्याच भागातली ही कहाणी. आता तो सभागृहात तिच्या शेजारच्याच डेस्कवर बसायचा. एकदा चालू कामकाजात फोनवर पत्ते खेळताना कॅमेऱ्यानं त्याला पकडलं, तेव्हापासून तो फोन आत आणायचाच नाही, ऑफिसच्या खणात ठेवून यायचा.

दुपारची वेळ होती. विरोधकांनी दुरुस्त्यांचा ढीग घातला होता, एकेक पडत होती. मार्लिसनं यामिनीला मागच्या दाराशी खुणेनं बोलावलं.

"डेलच्या बहिणीचा ऑफिसात फोन आला होता," मार्लिस खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांचे वडील. आजची संध्याकाळ निघणार नाही म्हणतात."

"त्याला सांगितलं?"

"मत होऊ दे. तास-दीड तासाचा तर प्रश्न आहे. तिकडे पोचायलाच साडेतीन तास लागतात, आत्ता निघाला तरी वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. मग कशाला त्याचा जीव टांगणीला लावायचा? मतं झाली की मी स्वतः सांगते, गाडीची सोयही केलीय." मार्लिसनं तिच्या दंडावर हात ठेवला. "तुला सांगायचं कारण, शेजारी बसतेस. कुणी चिठ्ठी घेऊन आलं तर जरा बघ. हे तुला समजावायला नको, यामिनी. तुझ्याइतकं कुणाला कळणार."

मार्लिस काही दुष्ट बाई नव्हती. तिचे डोळे खरंच भरले होते.

यामिनी जागेवर येऊन बसली. डेलनं तिच्यापुढे शेंगदाण्यांची पुडी सरकवली. "काय म्हणते मार्लिस?" त्यानं विचारलं. "मोजतेय," ती म्हणाली. "नेहमीसारखी." तो हसला. पुढची दुरुस्ती आली, तिनं लाल बटण दाबलं, त्यानंही दाबलं. मग तिच्या पुढची आली. तीही पडली. दोन दुरुस्त्या होईपर्यंत यामिनी गप्प बसली. हे इथे सांगायलाच हवं, कारण विष्णू काका कधी सांगणार नाहीत.

त्या वेळात तिनं सगळा हिशोब करून पाहिला. बिल पडलं तर पुढच्या वर्षावर जाईल, आणि तोवर कुठल्यातरी घरात कुणीतरी जमिनीवर पडून पाऊण तास वाट बघेल. हे खरं होतं. डेल निघाला तरी कदाचित पोचणार नाही, हेही खरं होतं. श्रीरामचं म्हणणं शब्द न् शब्द तिच्या डोक्यात उभं राहिलं, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की असं करणाऱ्या माणसाला आतून किती शहाणं आणि किती प्रेमळ वाटत असतं.

"डेल," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीचा ऑफिसात फोन आला होता. तुझे वडील बहुतेक आज संध्याकाळपर्यंतच आहेत. तू निघालास तर बिल पडेल, ते तुला माहीतच आहे. मी जा म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. फक्त सांगतेय."

डेलच्या मिशीत शेंगदाण्याचं टरफल अडकलं होतं.

"त्या दिवशी तू कशी बसून राहिलीस?" त्यानं विचारलं.

"मी बसून राहिले नव्हते. मला माहीतच नव्हतं. माझ्या नवऱ्यानं मतं होईपर्यंत कळवलं नाही."

"पण ते पत्रक..."

"हो."

"तू कधी बोलली नाहीस."

"नाही," यामिनी म्हणाली. "नाही बोलले."

त्यानं मान डोलावली. राग आला की नाही ते कळलं नाही. "किती दुरुस्त्या आहेत अजून?" एवढंच विचारून तो उठला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. मार्लिसनं त्याला जाताना पाहिलं, मग यामिनीकडे पाहिलं, आणि ताडताड चालत आली.

"सांगितलंस?"

"हो."

"दोन वर्षं, यामिनी. आणि तूच."

बिल गेलं, असं यामिनीनं धरलं होतं, आणि त्याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं. पाणी प्यावं म्हणून ती बाहेर आली.

बाहेर संगमरवरी जिन्याच्या पायरीवर डेल बसला होता. ऑफिसच्या खणातून आणलेला फोन कानाला होता आणि तो बोलत होता. मधे थांबायचा, पण उत्तरासाठी नाही. पलीकडून उत्तर येणारच नव्हतं, हे त्याच्या थांबण्यावरून कळत होतं. बहिणीनं फोन वडिलांच्या कानाशी धरला होता.

"तळ्यावरचा बर्फ गेला, डॅड. बोटीचा धक्का अजून पाण्यात टाकला नाही, शनिवारी टाकतो. टॉमी येईल मदतीला." मग जरा थांबून, "आणि तुझ्या त्या निळ्या ट्रकचा दरवाजा मीच चेपवला होता. शेजाऱ्याच्या गाईनं नव्हे. तुला माहीत होतं, मला माहीत आहे. पण मी कधी म्हटलं नाही, म्हणून म्हणतोय." तो पुन्हा थांबला. "इथे एक काम आहे, ते झालं की लगेच निघतो. पोचलो नाही तर रागावू नकोस. मी निघालेलो असेन."

यामिनी खांबाशी उभी राहून ऐकत होती. दुसऱ्याचं असं बोलणं ऐकू नये, हे तिला कळत होतं, पण तिचे पाय हलेनात. डेलनं फोन खिशात ठेवला, बाही तोंडावरून फिरवली, आणि तिच्या शेजारून आत जाऊन आपल्या जागेवर बसला.

बिल अडुसष्ट मतांनी पास झालं. टाळ्या वाजल्या. डेल टाळ्या संपायच्या आत कोट घेऊन गाडीत बसला होता. मार्लिसनं लांबूनच यामिनीकडे पाहिलं. लोक हात मिळवायला येत होते. यामिनी त्यांच्यातून वाट काढत त्याच पायरीवर येऊन बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"अभिनंदन," श्रीराम म्हणाला. "बघत होतो मी."

"श्रीराम, त्या दिवशी फोन तुझ्या हातात होता ना?"

वर्षभर हा विषय निघाला नव्हता. "होता," तो म्हणाला.

"मग तो बाबांच्या कानाला लावायचा होतास. मला बाहेर बोलवायचं, आणि फोन त्यांच्या कानाला लावायचा. मग मी ठरवलं असतं काय ते. दोन मिनिटं बोलले असते आणि आत जाऊन मतसुद्धा दिलं असतं, कदाचित. किंवा नसतं दिलं. पण बोलले असते रे."

श्रीराम म्हणाला, "मला सुचलं नाही, यामिनी. मलाही आईच्या वेळी कुणी फोन..."

त्याला सुचलं नव्हतं, एवढंच. तिला ते पटलं, आणि पटल्याबरोबर ती त्या पायरीवर बसून रडायला लागली, मोठ्यानं, आमदारीणबाईंना न शोभेलसं. जिना उतरणाऱ्या शाळेच्या सहलीतली मुलं वळून वळून बघत होती. श्रीराम फोनवर तसाच थांबून होता.

"काय म्हणाली असतीस?" त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

"येतेय म्हणाले असते," यामिनी म्हणाली. "खोटं का होईना, पण बाबा, मी येतेय, असं म्हणाले असते."